सिकलसेलच्या बाळाचा आहार : मातांसाठीं एक पाठ

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेच्या सभागृहांत आम्हीं पालक स्त्रियांची एक सभा भरविली होती. आमच्या या पूर्व विदर्भांत सिकलसेलचा आजार असलेलीं मुलें पुष्कळ घरीं आहेत. त्यांच्या आहाराविषयीं मातांस चार गोष्टी सांगाव्या, असा हेतु होता. फळ्यावर आम्हीं सुरेख अक्षरांत एक यादी लिहिली : दूध, दहीं, सफरचंद, डाळिंब, बदाम, मासे. सभा संपतां संपतां मागच्या रांगेंतील एक माता उठली आणि नम्रपणें म्हणाली, “बाई, तुम्ही सांगता ते खरंच असल जी, पण आमच्या घरी सकाळी पेज असते न् संध्याकाळी भात-वरण. सफरचंद कुठून आणू?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ‘जमेल तसें करा’ असें कांहींसें पुटपुटून आम्हीं सभा संपविली. तो प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरीं आला.

सकाळच्या प्रार्थनेंत पांच भाकरी आणि दोन मासळ्या यांची गोष्ट आम्ही मुलांस कित्येक वेळां सांगितली आहे. रानांत लोकसमुदाय भुकेला होता, तेव्हां सर्वांत आधीं विचारणा झाली ती ही कीं, तुमच्यापाशीं भाकरी किती आहेत? आम्हीं फळ्यावर यादी लिहिली, पण ही विचारणा केली नाहीं. यास्तव हा पाठ आम्ही सफरचंदापासून नव्हे, तर त्या मातेच्या पेजेच्या भांड्यापासून आरंभीत आहों. शाळेच्या वार्षिकांत तो छापण्याचें कारणही सांगून ठेवितों. रोवणीच्या दिवसांत आई गुडघाभर चिखलांत असते, आणि धाकटें बाळ ज्या बहिणीच्या कडेवर असतें, ती बहुधा आमच्याच सहाव्या-सातव्या इयत्तेंतील मुलगी असते. बाळाला घांस तीच भरविते. म्हणून हा पाठ जितका मातांसाठीं, तितकाच तिच्यासाठींही आहे.

प्रथम हा आजार काय आहे तें पाहूं. निरोगी तांबडी रक्तपेशी मऊ, वाटोळी व मध्यें किंचित् खोलगट असते. बारीकांत बारीक रक्तवाहिनींतून ती दुमडून निसटून जाते. पेशींत जें तांबडें द्रव्य असतें, त्यास हिमोग्लोबिन म्हणतात. सिकलसेलच्या मुलांत या हिमोग्लोबिनच्या घडणींत एका ठिकाणीं एका घटकाच्या जागीं दुसराच घटक बसलेला असतो. एवढ्याशा फरकानें केवढा अनर्थ होतो पाहा : प्राणवायु कमी पडला, अंगांतील पाणी आटलें किंवा ताप भरला कीं, हें द्रव्य आंतल्या आंत दांड्यांसारखें ताठर होतें आणि पेशी वांकून धान कापण्याच्या विळ्यासारखी दिसूं लागते. ‘सिकल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थच विळा. असल्या वांकड्या पेशी एकमेकींत अडकून वाट बंद करितात, तेव्हां हाडांत व सांध्यांत असह्य कळा उठतात. अमेरिकेंतील शिकागो येथें डॉ. जेम्स हेरिक यांनीं या पेशींचें वर्णन १९१० सालीं प्रसिद्ध केलें. दोष हिमोग्लोबिनच्या घडणींतच आहे, हें लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं १९४९ सालीं दाखविलें. आपल्या देशांत नीलगिरीच्या डोंगराळ भागांतील लोकांच्या रक्तांत हा दोष आढळल्याचें १९५२ सालीं प्रसिद्ध झालें. महाराष्ट्रांत तो गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या बाजूस आणि तिकडे मेळघाट व नंदुरबारकडे अधिक आढळतो.

हा आजार शिवल्यानें, उष्टें खाल्ल्यानें किंवा कोणाच्या नजरेनें होत नाहीं. बाळास एक दोष आईकडून व एक बापाकडून मिळाला, तरच हा आजार पूर्णपणें येतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणांत आजारी बाळ होण्याचा संभव चारांत एक असतो. तेव्हां ‘तिच्या माहेरचें रक्तच वाईट’ असें म्हणणाऱ्या घरानें आपल्या मुलाचेंही रक्त तपासून घ्यावें, इतकेंच आम्ही म्हणूं.

आतां आहाराकडे वळूं. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दहा ते वीस दिवसांत फुटून जाते. ज्या घराची भिंत दर पंधरवड्यास कोसळते, त्या घरचा गवंडी कधीं सुटीवर जाईल काय? सिकलसेलच्या मुलाच्या हाडांतील मगज, जेथें रक्त तयार होतें, त्या गवंड्याप्रमाणें रात्रंदिवस राबत असतो. त्याचें हृदयही अधिक वेगानें चालतें. म्हणून स्वस्थ निजलेल्या मुलाचेंही अन्न खर्च होत असतें, आणि जें वाढीसाठीं उरावें तें उरत नाहीं. हीं मुलें सोबत्यांहून ठेंगणीं व किरकोळ कां राहतात, याचें हें एक मोठें कारण आहे. ‘खातें तें अंगीं लागत नाहीं’ असें आजी म्हणते, तें अगदींच खोटें नव्हे. तें रक्त घडविण्यांत जातें, म्हणून या मुलाच्या ताटांत इतरांपेक्षां थोडें अधिक पडलें पाहिजे.

जन्मानंतरचे पहिले सहा महिने केवळ आईचें दूध. या काळांत बाळाच्या अंगांत गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन पुष्कळ असतें व तें पेशींस वांकूं देत नाहीं. त्यामुळें बाळ हंसतें-खेळतें राहतें. पुढें तें हिमोग्लोबिन कमी होत जातें, आणि साधारण सहाव्या महिन्यानंतर हातापायांवर सूज येणें, बाळ कण्हणें, फिकें दिसणें असे प्रकार सुरू होतात. येथें एक मोठा घोटाळा होतो. उष्टावणही याच सुमारास होतें! मग ‘उष्टावण केलें आणि बाळ बिघडलें’ असें घरांत सर्वांस वाटतें, वरचें अन्न बंद होतें आणि बाळ वर्षभर केवळ दुधावर व भाताच्या निवळीवर राहतें. ज्या महिन्यांत अन्नाची गरज वाढली, त्याच महिन्यांत तें तोडलें गेलें. हा समज स्वाभाविक आहे, म्हणूनच तो घालविण्यास आम्ही इतक्या ओळी खर्च केल्या. बाळ बिघडलें तें अन्नानें नव्हे. वरचें अन्न सहा महिने पुरे होतांच सुरू करावें आणि दूध दोन वर्षें किंवा अधिकही चालू ठेवावें.

आतां पेजेचें भांडें. पेज वाईट नाहीं, परंतु पातळ पेज म्हणजे बहुतेक पाणीच. वर्षाच्या बाळाचें पोट तें केवढें! वाटीभर निवळीनें तें भरतें आणि अर्ध्या घटकेंत पुन्हां रिकामें होतें. यास्तव पहिला नियम हा कीं, बाळाची पेज घट्ट असावी. चमचा तिरपा केला तर चट्कन् ओघळूं नये. दुसरें असें कीं, भाताबरोबर डाळ त्याच भांड्यांत शिजवावी – मूग, तूर, मसूर, जी घरांत असेल ती – आणि वरचें पाणी तेवढें नव्हे, तर खालची डाळ कुस्करून द्यावी. ‘वरण’ म्हणून पुष्कळ घरीं बाळाच्या वाट्याला हळदीचें पिंवळें पाणी येतें, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. तिसरें, त्यांत चमचाभर तेल किंवा तूप सोडावें. लहान चमचाभर तेलांत सुमारे ४५ कॅलरी असतात. पोटांत जागा न अडवितां इतकें बळ दुसऱ्या कशानें येत नाहीं. भाजलेल्या शेंगदाण्यांचें किंवा तिळाचें बारीक कूट घालतां आलें तर उत्तमच. त्यानें जस्तही मिळतें, जें वाढीस लागतें आणि या मुलांत कमी पडतें. अख्खे दाणे मात्र लहान मुलास देऊं नयेत. ते घशांत अडकतात.

आपल्याकडे अक्षय्यतृतीयेस सातू करितात. गहूं व हरभऱ्याची डाळ भाजून दळलेलें तें पीठ, त्यांत गूळ व पाणी किंवा दूध. हें पीठ डब्यांत भरून ठेवलें तर पुष्कळ दिवस टिकतें, चूल पेटवावी लागत नाहीं आणि दहा वर्षांच्या मुलीसही कालवितां येतें. आई शेतावर असतां दुपारच्या भुकेला यासारखा खाऊ आम्हांस ठाऊक नाहीं. सणाचा पदार्थ सणापुरताच ठेवावा असें कोठें लिहिलें आहे? दुकानांतील पुड्यांचा कुरकुरीत खाऊ आणि बशींत ओतलेला काळा चहा यांनीं भूक मात्र मरते. त्यांस बाळाचें अन्न म्हणतां येत नाहीं.

किती वेळां भरवावें? सहा ते आठ महिन्यांच्या बाळास दुधाखेरीज दिवसांतून दोन-तीन वेळां. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत तीन-चार वेळां, शिवाय मध्यें एक-दोनदां कांहीं खाऊ. हा नियम सर्वच बाळांसाठीं आहे. सिकलसेलच्या बाळास याहून एखादी वेळ अधिक द्यावी. अंडें मिळालें तर पुरतें उकडून द्यावें. अंगणवाडींतील आहार सोडूं नये. आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखालीं लहान मुलांस अंडीं किंवा केळीं मिळतात, तीं बाळाच्याच पोटांत जातात ना, हें ताईनें पाहावें.

पालेभाजीविषयीं एक हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण ती आपल्या मुंबईची आहे. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरण्यांतून काम करणाऱ्या गरोदर बायकांस एक प्रकारचा भयंकर पंडुरोग होत असे. त्याचें कारण शोधण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. त्या बायकांच्या आहारांत कशाची तरी उणीव आहे, आणि यीस्टच्या स्वस्त अर्कानें ती भरून निघते, असें त्यांस आढळलें; हा शोध १९३१ सालीं छापून आला. तें द्रव्य पुढें १९४१ सालीं अमेरिकेंत पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें, आणि लॅटिन भाषेंतील ‘पान’ या अर्थाच्या शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हें नांव मिळालें. त्या बायकांचा रोग सिकलसेल नव्हता. परंतु नवें रक्त घडविण्यास हें द्रव्य लागतें, आणि ज्याच्या देहांत रक्ताची घडण अखंड चाललेली आहे, त्यास तें अधिक लागतें. म्हणून डॉक्टर या मुलांस फॉलिक आम्लाची गोळी देतात. ती त्यांनीं सांगितलेल्या मात्रेंत नेमानें द्यावी.

गोळी असली तरी पान सोडूं नये. शेवग्याचा पाला, चवळीचा पाला, हरभऱ्याची भाजी, पालक, आणि सर्व कडधान्यें यांत हें द्रव्य असतें. तें पाण्यांत विरघळतें व फार शिजविल्यानें नाहींसें होतें. तेव्हां भाजी आधीं धुवावी, मग चिरावी. थोड्या पाण्यांत झांकण ठेवून शिजवावी आणि पाणी फेकूं नये. ‘हरभरा वातूळ, मुलाचे सांधे दुखतात, तेव्हां देऊं नये’ असें कोणी सांगेल. सांधे दुखतात ते अडकलेल्या पेशींनीं. हरभऱ्याचा त्यांत कांहीं अपराध नाहीं.

लोहाची गोष्ट मात्र निराळी, आणि येथें मातांनीं विशेष लक्ष द्यावें. मूल फिकें दिसलें कीं लोहाचें औषध, हें समीकरण आतां सर्वांस पाठ झालें आहे. इतर मुलांस तें बहुधा लागू पडतें. सिकलसेलच्या मुलाचें रक्त बाहेर सांडत नसतें. पेशी अंगांतच फुटतात आणि त्यांतील लोह अंगांतच राहून पुन्हां उपयोगांत येतें. शिवाय अशा मुलास रक्त चढवावें लागतें. मोठ्या माणसाच्या रक्ताच्या एका पिशवींत सुमारें २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतें, आणि जादा लोह बाहेर टाकण्याची वाट देहापाशीं नाहीं. तें यकृतांत व हृदयांत सांचून घात करितें. उलट, कांहीं मुलांत दोन्ही दोष एकत्र असतात. सिकलसेलही असतो व लोहही कमी असतें. हें रक्ताच्या तपासणीवांचून डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. म्हणून शाळेंत किंवा अंगणवाडींत लोहाचें औषध वाटतात, तेव्हां बाळाचें सिकलसेलचें कार्ड दाखवावें आणि डॉक्टरांस विचारून मगच तें द्यावें. हा नियम औषधापुरताच आहे. पालेभाजी, अंडें, मांस, मासळी या भीतीनें बंद करूं नये.

आतां पाणी. आमच्या मतें आहारांतील सर्वांत दुर्लक्षित वस्तु हीच. अंगांतील पाणी कमी झालें कीं पेशी वांकूं लागतात, हें वर सांगितलें. दहा किलो वजनाच्या बाळास दूध, पेज, ताक, पाणी मिळून दिवसाकाठीं सुमारे एक लिटर लागतें; उन्हाळ्यांत, तापांत व हगवणींत त्याहून अधिक. बाळ स्वतः होऊन मागत नाहीं, आणि खेळण्याच्या भरांत असलेलें मूल तर मुळींच मागत नाहीं. म्हणून त्याचा पेला वेगळा ठेवावा व दिवसांतून तो किती वेळां भरला हें मोजावें. वैशाखांत या पेल्याची किंमत औषधाच्या बाटलीहून कमी नाहीं. पाणी स्वच्छ, शक्य तर उकळून निवविलेलें असावें. या मुलांस दूषित अन्नपाण्यांतील जंतूंपासून हाडांपर्यंत पोंचणारे विकार होतात. हगवण लागल्यास जलसंजीवनी लगेच सुरू करावी.

यासंबंधीं एक गोष्ट बोलण्यास संकोच वाटतो, तरी बोललीच पाहिजे. सिकलसेलचीं मुलें सात-आठ वर्षांचीं झालीं तरी पुष्कळदां रात्रीं अंथरूण ओलें करितात. या आजारानें मूत्रपिंडांची मूत्र दाट करण्याची शक्ति कमी होते; मूत्र पातळ व पुष्कळ होतें. हा आळस नव्हे, खोडी नव्हे. आमच्या ओळखीच्या एका घरीं याच कारणास्तव संध्याकाळपासून मुलाचें पाणी तोडलें जात असे, आणि पहांटे त्याच्या पायांत कळा येत. आईनें तें केलें होतें मुलाची लाज राखावी म्हणूनच. तिला खरें कारण कळलें, तेव्हां ती रडली. मग तिनें अंथरुणाखालीं मेणकापड घातलें आणि उशाशीं तांब्या ठेविला.

पथ्याविषयीं दोन शब्द. या मुलांचे डोळे कित्येकदां पिंवळट दिसतात. फुटलेल्या पेशींतील द्रव्यामुळें तसें होतें. घरीं मात्र ‘कावीळ झाली’ म्हणून तेल, तूप, हळद, डाळ बंद होते, आणि आधींच अशक्त असलेलें मूल नुसत्या भाकरीवर महिना काढतें. पिंवळेपणा एकाएकीं वाढला, पोट दुखूं लागलें किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे न्यावेंच. पण नेहमींच्या पिंवळट डोळ्यांसाठीं उपास नको. दुखणें उतरल्यावर तर पंधरा दिवस एक जेवण अधिक द्यावें.

अन्नानें हा आजार बरा होत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. हायड्रॉक्सियुरियासारखीं औषधें, पेनिसिलीन व लसी यांचें काम पेजेनें होणार नाहीं. १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. तपासणीची सोय सरकारी आरोग्यकेंद्रांतून आहे, तिचा लाभ घ्यावा. १०१ अंश किंवा अधिक ताप, धाप लागणें, एकाएकीं पांढरेंफटक पडणें, यांपैकीं कांहीं झालें तर घरगुती उपाय करीत बसूं नये.

घांस भरविणाऱ्या हातास आणखी एक काम शिकतां येईल. डाव्या बरगडीच्या खालीं पाणथरी असते. कधीं कधीं हिच्यांत एकाएकीं रक्त सांचून ती फुगते आणि कांहीं तासांत बाळ दगावूं शकतें. जमेका बेटांतील किंग्स्टन शहरीं १९७३ पासून जन्मलेल्या बाळांचें रक्त तपासून सिकलसेलचीं मुलें शोधण्यांत आलीं, आणि त्यांच्या मातांस पाणथरी हातानें चांचपून पाहण्यास शिकविण्यांत आलें. पूर्वीं अशा शंभर प्रसंगांत सुमारे २९ बाळें दगावत; मातांस शिकविल्यावर सुमारे ३. औषध तेंच होतें, इस्पितळही तेंच. बाळ लवकर पोंचूं लागलें, एवढाच फरक. आपल्या आरोग्यकेंद्रांतील परिचारिकेस किंवा आशाताईस विचारून ही रीत शिकून घ्यावी. रोज अंघोळ घालतांना पोटावर हात फिरतोच.

पुढील सभा दिवाळीपूर्वीं भरविण्याचें ठरलें आहे. त्या वेळीं फळा न ठेवतां चूल मांडूं. प्रत्येक मातेनें घरांतलें मूठभर धान्य व एक जुडी पाला आणावा, आणि बाळाची पेज तेथेंच शिजवूं. ज्यांचीं मुलें आमच्या शाळेंत आहेत, त्यांनीं वर्गशिक्षकांस आजाराविषयीं एकदां येऊन सांगावें. अशा मुलांस पाण्याची बाटली बांकावर ठेवण्याची आणि तास चालू असतांही न विचारतां लघवीस जाण्याची मुभा आहे. त्याबद्दल त्यांस कोणी कांहीं बोलल्यास तें आमच्या कानावर घालावें.